नंबर पटलेली बंदूक

आमचे उइटहॉर्नचे घरमालक मला पहिल्यांदा दिसले ते माझ्या सायकलीवर वाकलेले. भाड्याच्या व्हॅनमधून आम्ही सामान उतरवत होतो, आणि ओळख ना पाळख, एक ऐंशी उलटलेला उंच म्हातारा माझी सायकल फुटपाथवर उताणी टाकून तिच्या पोटावर टॉर्च मारत होता.

"मेफ्राउ," ते म्हणाले, "तुमच्या सायकलीचं पुढचं चाक दुसऱ्या कुणाचं तरी आहे."

मेफ्राउ म्हणजे बाईसाहेब. या डचांच्या देशात येऊन दीड वर्ष झालं होतं, पण इतक्या अदबीने मला कुणी हाक मारली नव्हती. त्यामुळे रागावता रागावता मी थांबले आणि सायकल सेकंडहँड आहे म्हणून सांगितलं.

"तेच म्हणतोय मी. फ्रेम एका बाईची आहे. चाक पुरुषाचं. ब्रेक फार करकचून दाबायचा तो."

"दाबायचा?"

"आता नाही दाबत," ते म्हणाले. सायकल सरळ केली, घंटी एकदा वाजवून पाहिली आणि हँडल माझ्या हातात दिलं.

मी त्या चाकावर पुढे दोन वर्षं फिरले. पण पुलावरून उतरताना ब्रेकला हात घातला की दरवेळी अंगावर काटा यायचा. आता आम्ही आल्मेरेला राहतो, सायकल नवी आहे, तरी उतार आला की आधी ते आठवतात.

त्यांना तोंडावर आम्ही 'मेनेर', म्हणजे साहेब, म्हणायचो आणि घरात 'बंदूकवाले'. ते खाली राहायचे, आम्ही वर. पुढचं दार दोघांना मिळून एकच, आत अरुंद बोळ, आणि बोळातून वर चढणारा तो इथला कडा चढल्यासारखा जिना. खाकी कापडाचा एप्रन ते झोपताना तरी काढत असतील की नाही, मला शंका आहे. गळ्यात बुटाच्या नाडीला बांधलेलं भिंग. आणि सगळ्या घराला जवसाच्या तेलाचा वास. आमच्याकडे जवस चटणीत जातो, त्यांच्याकडे बंदुकीच्या दस्त्याला लागायचा.

हो, बंदुका. मागच्या खोलीत, कालव्याच्या बाजूला, भिंतीवर अकरा रायफली होत्या. जुन्या लढायांतल्या, सैन्याने मोडीत काढलेल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आम्हाला चहाला बोलावलं आणि चहाच्या आधी एक फाइल पुढ्यात ठेवली. प्रत्येक बंदुकीचा कागद, त्यावर सरकारी शिक्का. नळीत पोलादाची कांडी ठोकलेली, आणि मागचा तो पुढेमागे सरकवायचा बोल्ट असतो ना, तो वेल्ड करून कायमचा गच्च केलेला. गोळी जाणं सोडा, या बंदुकांचा एक खिळाही आता हलू शकत नाही, असं त्यांनी आम्हाला दोनदा सांगितलं.

वर आल्यावर नवऱ्याने कपाळाला हात लावला. "अगं, आपण परमिटवरची माणसं. आणि आपल्या खाली अकरा बंदुका! ऑफिसात एचआरला कळलं तर?"

"एचआरला कोण सांगणार आहे? बोल्ट?" मी म्हटलं. तेव्हा हसलो होतो आम्ही.

आमचं बोलणं म्हणजे त्यांची जपून बोललेली इंग्लिश आणि माझी क्लासमधली डच, अशी खिचडी असायची. पण बंदुकीबद्दल बोलताना ते इतकं हळू आणि स्पष्ट बोलायचे की काही सुटायचं नाही. बंदुकीच्या अंगावर एक नंबर असतो. तोच बोल्टच्या मुठीवर, तोच पुढच्या लाकडाच्या टोकाखाली, तोच नेम धरायच्या पट्टीवर. सगळे एकमेकांशी पटले, तर ती बंदूक कारखान्यातून निघाली तशीच राहिली असं समजायचं. अशी नंबर पटलेली बंदूक मिळाली की हौशी लोक हरखून जातात. आमच्या मेनेरांचं उलटं होतं.

"नंबर पटले की मी आधी संशय घेतो," ते म्हणायचे. "लढाईतून आलेली वस्तू इतकी सरळ कशी? कुणीतरी पटवलेत."

मग भिंग लावून दाखवायचे. हा बघा, इथे जुना नंबर छिन्नीने खोडलाय आणि वर नवा ठोकलाय. हा बोल्ट कुठल्या तिसऱ्याच बंदुकीचा. हे लाकूड तर देशच वेगळा. आणि शेवटी बंदूक भिंतीवर चढवून, एक पाऊल मागे घेऊन मोजायचे. "हिच्यात चार जण आहेत. हिच्यात पाच. या कोपऱ्यातलीत तीनच आहेत, पण त्यांचं आपसात पटत नाही."

मी एकदा थट्टेने विचारलं, भांडतात का? ते म्हणाले, "दुपारी."

हे थट्टेवारी न्यायचं की नाही, ते मला कळेना. कारण माझी नोकरी अजून लागायची होती, सकाळचा डचचा क्लास संपला की दुपारी मी घरी एकटी असायची, आणि नोव्हेंबरातल्या एका दुपारी मी तो आवाज ऐकला होता. खाली, मागच्या खोलीत. खट्, खटाक. लोखंडावर लोखंड सरकून बसावं तसा. थोड्या वेळाने पुन्हा. स्किपोलला उतरणारी विमानं आमच्या डोक्यावरून जायची, काचा थरथरायच्या, पण हा आवाज विमानाचा नव्हता. मला वाटलं, म्हातारबांचं काहीतरी चाललंय. तेवढ्यात खिडकीतून पाहिलं तर ते स्वतः रस्त्याच्या त्या टोकाला, पिशवीतून कांद्याच्या पातीची जुडी बाहेर लोंबतेय, सावकाश घराकडे येताहेत.

मी धावत खाली गेले आणि त्यांना दारातच गाठलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"किती वेळा झाला?"

"चार."

"मग ठीक आहे," ते म्हणाले. "पाच झाले तर मला सांगा."

दुसऱ्या दिवसापासून मी दुपारी लायब्ररीत जाऊन बसायला लागले. पाच मोजायला घरात थांबण्याइतकी मी शूर नाही.

नंबर बघायची खोड त्यांना बंदुकीपुरती नव्हती. शेजारच्या बाईंचा खुबा बदलला तेव्हा सगळे फुलं घेऊन भेटायला गेले, मेनेर विचारून आले की नव्या खुब्याचा नंबर काय. आणि माझ्या डब्याचं तर त्यांनी पार पोस्टमॉर्टेम केलं. त्या साली दिवाळीत मी त्यांना बेसनाचे लाडू दिले, आपल्या नाव घातलेल्या स्टीलच्या डब्यात. डबा तीन दिवस आला नाही. चौथ्या दिवशी खाली बोलावून दिला तो लखलखीत घासून, आणि बरोबर एक कागद. कागद डब्यावर धरून त्यांनी वरून पेन्सिल घासली होती आणि माझ्या भांड्यावरची ठिपक्याठिपक्यांची अक्षरं जशीच्या तशी उठवून घेतली होती.

"मेफ्राउ, झाकण एकाचं आहे आणि डबा दुसऱ्याचा. ठोकणाऱ्याचा हात वेगळा आहे."

खरंच होतं. डब्यावर सासूबाईंचं नाव, झाकणावर माझ्या आईचं. सामान बांधताना अदलाबदल झाली होती आणि माझ्या ते कधी लक्षातही आलं नव्हतं. भांड्यावर माणसाचं नाव घालतात हे ऐकून त्यांना इतका आनंद झाला की ते खुर्चीत बसलेच. मग विचारलं, "दोघी आहेत?"

"सासूबाई आहेत. आई गेली."

"आणि पटतं दोघींचं?"

"डब्यात तरी पटतं," मी म्हटलं.

त्यांनी झाकण लावून पाहिलं, फिरवलं, पुन्हा काढलं. मग त्या पेन्सिलीच्या कागदावर बोट ठेवून म्हणाले, "तुमची अक्षरं नेहमी अशी रेघेला लटकलेली असतात?"

"नेहमी."

ते उठले, आत गेले आणि पाकीट घेऊन आले. पाकिटातून घडीवर घडी घातलेला, कडा झिजून कापसासारखा झालेला एक कागद काढला. त्यावर खाली एक आडवी रेघ आणि रेघेतून वर गवतासारखं काहीतरी उगवलेलं. मला काही वाचता येईना. मग सहज कागद उलटा धरला, रेघ वर गेली, आणि दोन अक्षरं मला लख्ख दिसली. येतो.

मराठीच. हिंदीवाल्याने वेगळं लिहिलं असतं. उइटहॉर्नमधल्या एका डच म्हाताऱ्याच्या पाकिटात, जुनाट पिवळ्या कागदावर, 'येतो'.

"काय लिहिलंय?" त्यांचा आवाज बदलला होता.

मी क्षणभरही विचार केला नाही, हे मला इथे कबूल केलं पाहिजे. क्लासमध्ये त्याच आठवड्यात 'येणे' हे क्रियापद झालं होतं आणि परीक्षेत मला पैकीच्या पैकी मिळाले होते. मी ताठ बसून, डचमध्ये, उच्चार सांभाळून सांगितलं, "इक कॉम. मी येतोय. बोलणारा एकटा आहे, आणि पुरुष आहे." आणि वर शिक्षिकेसारखा तो मराठी शब्दही मोठ्याने वाचून दाखवला. "येतो."

 तेव्हा त्यांनी मला त्या कागदाची गोष्ट सांगितली.

विशीत असताना त्यांना सक्तीची लष्करी नोकरी करावी लागली. काम मिळालं शस्त्रांच्या डेपोत. इंग्रजांकडून आलेल्या जुन्या रायफलींचा तिथे ढीग होता. एकीची नळी गेलेली, दुसरीचा दस्ता तडकलेला. दहा मोडक्यांतून सहा धड करायच्या, आणि मग कागद नीट दिसावा म्हणून सगळ्या भागांवरचे जुने नंबर खोडून एकच नवा नंबर ठोकायचा. नंबर पटवायचे ते हेच. त्यांच्याकडचा सातचा ठसा वाकडा होता, त्यामुळे त्यांच्या हातची बंदूक त्यांना कुठेही ओळखू येते. एक दिवस एका दस्त्याच्या बुडाची पितळी पट्टी काढली, तर आत लाकडात ही अक्षरं कोरलेली. त्यांनी सार्जंटला दाखवली. सार्जंट हसला, म्हणाला, पट्टी लाव आणि पुढचं घे.

"मी अक्षरं उतरवून घेतली," ते म्हणाले, "आणि पट्टी लावली. दोन स्क्रू. घट्ट."

नोकरी सुटल्यापासून जुन्या शस्त्रांच्या प्रत्येक जत्रेत ते वाकडा सात शोधत हिंडले होते. त्या अकराही बंदुका त्यांच्याच हातच्या होत्या. ती एक त्यांना फार उशिरा, म्हातारपणी सापडली. त्यांनी मला मागच्या खोलीत नेऊन ती भिंतीवरून काढली, मांडीवर आडवी घेतली, स्क्रू सोडवले, पट्टी बाजूला केली. मी बोट लावलं. चाकूच्या टोकाने कोरलेली अक्षरं, 'त'च्या काठीला अजून धार होती. कोण कुठला आपल्याकडचा शिपाई, कुठल्या खंदकात नाहीतर बराकीत बसून लाकडाशी बोलत होता. मला रडू आलं. त्यांना नाही आलं. ते त्या अक्षरांकडे पाहत म्हणाले, "येतोय म्हणाला, आणि मी त्याच्यावर पट्टी बसवली. वर नंबर पटवला. त्याला वाट कशी सापडणार?"

दुसऱ्या दिवसापासून खालचं दार उघडं राहायला लागलं.

म्हणजे सताड नाही, पण कडी काढलेली, बोटाने लोटलं की उघडेल असं. सकाळच्या कॉफीपासून अंधार पडेपर्यंत. बोळात ते स्वतः खुर्ची टाकून बसायचे, समोर दुसरी खुर्ची रिकामी, मधल्या स्टुलावर दोन कप. बाहेर बोचरी थंडी. ती बोळातून सरळ आमच्या जिन्याने वर यायची, मी घरात दोन स्वेटर घालून भाकऱ्या थापायची. वर्दळीचा रस्ता, आम्हाला काळजी वाटायची. मी एकदा हळूच म्हटलं, "मेनेर, तो माणूस आज शंभरीच्या पुढे असेल. तो कसा येईल?"

"येताना वय घेऊन येईल असं मी म्हटलं नाही," ते म्हणाले.

डचमध्ये नंबर जुळण्याला, दारावर टकटक करण्याला आणि काळजाच्या ठोक्याला एकच क्रियापद आहे. ते बोळात बसून अधूनमधून तो शब्द पुटपुटायचे, आणि तिन्हींपैकी काय झालंय ते मला वरून कळायचं नाही.

काळजाचंच काय झालंय, ते त्यांच्या भाचीने सांगितलं. ती दर रविवारी यायची. एका रविवारी मला बाहेर थांबवून म्हणाली, मामाच्या हृदयाची झडप गेलीय, बदलली नाही तर उन्हाळा दिसायचा नाही, असं डॉक्टर सांगतात. दोनदा तारीख मिळाली, दोनदा मामाने नाही म्हटलं. आधी तिला वाटलं, परक्याचा भाग अंगात घ्यायला नको म्हणत असेल. नवी झडप गाईच्या ऊतींची असते. पण त्याचं त्यांना काही नव्हतं. उलट मलाच त्यांनी विचारलं होतं, तुमच्यात गाईला काय मानतात? मी म्हटलं, आई. यावर विचार करून ते म्हणाले होते, "मग ती आत भांडणार नाही."

"तो म्हणतो, दार सोडून जाता येणार नाही. कुणीतरी येणार आहे," भाची म्हणाली. "तुला माहीत आहे कोण?"

मी नाही म्हटलं. धडधडीत खोटं. वर आल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं, तर तो म्हणाला, "पण तू काय सांगितलंस त्यांना?"

"जे लिहिलंय तेच!" मी खेकसले. आणि तेव्हा मला ते तसंच वाटत होतं, हीच खरी शरमेची गोष्ट.

पाच आठवडे झाले असतील. ते वाळत चालले होते, पायांना सूज, दोन शब्द बोलले की धाप. एका सकाळी नवरा झुइडासला ऑफिसला निघाला. जिना उतरून, सायकलची किल्ली वाजवत, नेहमीसारखा ओरडला, "येतो गं!" आणि दार ओढून गेला. मागोमाग मी क्लासला म्हणून उतरले. त्यांनी हाताने मला थांबवलं. दुसऱ्या खुर्चीवर मात्र बसा म्हणाले नाहीत.

"मेफ्राउ, तुमचा नवरा रोज तो शब्द म्हणतो."

"कोणता?"

"येतो," ते म्हणाले. अगदी स्वच्छ. मी वाचून दाखवला होता तसा. "म्हणतो, आणि जातो. पाच आठवडे मी इथे बसून ऐकतोय. येतो म्हणाला आणि आला, असं एकदाही झालेलं नाही."

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर मी मटकन बसले. पैकीच्या पैकी मार्कांची मी! जन्मभर आईला, बाबांना, शेजारणींना दारातून 'येते' म्हणत आले. विमानतळावर आईला शेवटचं तेच म्हणाले होते. आणि तो शब्द समोर आला तर त्याचं क्रियापद करून मोकळी झाले.

"चूक माझी आहे, मेनेर," मी म्हटलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. "आमच्यात निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही. ते अशुभ वाटतं. जो निघालाय तो 'येतो' म्हणतो."

"म्हणजे तो येत नव्हता?"

"नाही. निघाला होता. निरोप घेत होता."

"कुणाचा?"

"ते त्याने लिहिलेलं नाही. आईचा असेल, बायकोचा असेल. बंदूक परत करायच्या दिवशी बंदुकीचाच घेतला असेल."

मला वाटलं होतं त्यांना हायसं वाटेल. तसं झालं नाही. आधी त्यांचा चेहरा रागाने लाल झाला, मग राग कुठेतरी गेला आणि नुसता म्हातारा चेहरा राहिला. रिकाम्या खुर्चीकडे ते पाहत होते.

"असा निरोप घेतला, की मागे राहणाऱ्याने काय म्हणायचं?"

"'या' म्हणायचं. एवढंच. तोवर माणूस उंबऱ्यातून हलत नाही."

"आणि मी सार्जंटला विचारत बसलो," ते म्हणाले.

ते भिंतीला धरून उठले, मागच्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. मी पायरीवरून उठून बोळातच उभी राहिले, ते पडले-बिडले तर जवळ असावं म्हणून. आतून त्यांचा आवाज आला, नीट, एकदाच. "या."

अगदी मी शिकवलं तसं. मला बरं वाटलं. मग वरून एक विमान गेलं, काचा थरथरून थांबल्या. आणि पुन्हा त्यांचा आवाज, या वेळी खालच्या पट्टीत, घाईघाईने. "या, या."

हे मी शिकवलं नव्हतं. एकदा म्हटलेलं 'या' निरोपाचं. 'या, या' असं दोनदा आपण म्हणतो ते दारात आलेल्या पाहुण्याला. आणि त्यांच्या डचमध्ये 'या' म्हणजे नुसता होकार. पण होकार तरी माणूस कुणी काही विचारल्यावरच देतो. यातलं कोणतं, ते मी त्यांना कधीच विचारलं नाही.

ते बाहेर आले. खोलीचं दार त्यांनी हाताने धरून ठेवलं, मागून कुणी येत असलं की आपण धरतो तसं, आणि मग सोडलं. सरळ पुढच्या दाराशी गेले, ते पूर्ण उघडलं आणि बाजूला उभे राहिले. बोळातून गार वारा आरपार गेला. मग त्यांनी दार लावलं, आतून कडी घातली आणि धाप लागलेल्या आवाजात म्हणाले, "भाचीला फोन लावा. तारीख घे म्हणावं."

मी फोन काढला. नंबर लावताना माझ्या लक्षात आलं की मी कधीची पाठ भिंतीला चिकटवून, पोट आत ओढून उभी आहे. बोळ अरुंद होता, आणि कुणाला तरी जायला वाट द्यायला हवी होती.